मृत्युदराचा उतार आणि चढ

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेला जालना जिल्हा दप्तरी नवा असला, तरी त्या भूमीवरील मृत्यूचा वृत्तांत निजामाच्या खानेसुमारीत नमूद आहे. जालना ज्याचा एक तालुका होता त्या औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ साली ८ लाखांहून अधिक होती. ती १९०१ साली सुमारे ७ लाख २० हजारांवर उतरली, आणि या घटीमागे मुख्यतः १८९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ होते. पुढे १९१८ साली मानमोडीने, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीने, असा कहर केला, की सबंध हैदराबाद संस्थानाची १ कोटी ३३ लाखांची वस्ती १९२१ साली १ कोटी २४ लाखांवर आली. त्या दशकात हिंदुस्थानचा मृत्युदर दर हजारी सुमारे ४८ होता. आज तो ६ च्या आसपास आहे.

हा उतार औषधांपासून सुरू झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु प्रथम नाहीशी झाली ती दुष्काळाची आणि साथींची भीषण वर्षे, आणि नित्याच्या रोगांचा पाडाव बव्हंशी त्यानंतर झाला. १९७२ साली मराठवाड्याची पिके करपली, तरी खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलाव खणणाऱ्या हातांना मजुरी व मुलांना सुकडी मिळाल्यामुळे पूर्वीसारखा संहार झाला नाही. माझ्या मते आपल्या लोकसत्ताक कारभाराची ही सर्वांत मोठी कमाई होय. हिवताप डासांमार्फत पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी याच हैदराबाद संस्थानातील सिकंदराबादेत १८९७ साली शोधले होते, तथापि त्याविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १९५३ साली सुरू झाली. आणि देवीचा रोग तर १९७५ नंतर देशात उरलाच नाही.

आता मात्र मृत्युदराचा अंक वाचताना सावध राहिले पाहिजे. २०२० च्या नमुना नोंदणीत केरळचा मृत्युदर दर हजारी ७ आणि महाराष्ट्राचा ५.५ होता, आणि तरीही दर हजार जन्मांमागे केरळात ६, तर महाराष्ट्रात १६ अर्भके दगावत होती; कारण ज्या समाजात माणसे दीर्घकाळ जगतात, त्यात वृद्धांचे प्रमाण वाढते आणि एकूण मृत्युदर पुन्हा चढू लागतो. जालन्याचा अंक उद्या चढला, तर तो आरोग्यव्यवस्थेच्या अपयशाने चढला की दीर्घायुष्याने, हे वयोगटवार नोंदींवरूनच ठरेल; म्हणून १९६९ च्या कायद्यान्वये २१ दिवसांच्या मुदतीत होणाऱ्या मृत्युनोंदीत वय आणि कारण हे दोन रकाने अचूक भरले जाणे अत्यावश्यक आहे.