सुताची खूण

ज्या गृहस्थाची उभी हयात महसूल खात्यात गेली, जमिनीचा प्रत्येक तुकडा हद्दी-निशाणीसह दप्तरात दाखल झालाच पाहिजे हा ज्याचा नित्याचा धर्म होता, त्याने पेन्शनीत निघाल्यावर गवयाच्या स्वरांचीही पैमाश मांडावी, यात मला तरी विस्मय वाटत नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींची स्थाने निश्चित करणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. आणि साताऱ्यास न्यायासनावर असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स या उद्योगात इतक्या आस्थेने सामील झाले की, त्या श्रुती वाजवून दाखविणारी खास पेटी त्यांनी विलायतेत करवून घेतली. मोजणीच्या कामी खुद्द गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचे साह्य लाभले होते. पुढे १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ही पेटी आली, वाद माजला, आणि संगीतशास्त्री पंडित भातखंडे यांच्यासारख्या जाणत्यांनी तिचा दावा काही मान्य केला नाही.

या दोघांची थट्टा करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळांनी केलीही; परंतु त्यांच्या खटाटोपाच्या मुळाशी असलेली धास्ती गाणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात असते, हे विसरून चालत नाही. बंदिश पाठ असते, तालाचा हिशेब पक्का असतो. पण षड्जावरून आवाज उचलल्यानंतर ऋषभापाशी किती रेंगाळावे, गांधाराला नुसता स्पर्श करून माघारी फिरावे की तेथेच मुक्काम ठोकावे, याचा निवाडा त्या क्षणापूर्वी कोणत्याही दप्तरात सापडत नाही. खाँसाहेबांनी देवलांना मोजणीसाठी गळा दिला खरा. मैफलीत मात्र ते एकेका स्वराशी सावकाश, वाट चाचपडल्यासारखे थांबत, आणि त्या थांबण्यातूनच त्यांची आलापी वाढत असे. ज्या मिरजेत ते स्थायिक झाले, आणि १९३७ साली निवर्तल्यावर जेथील मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचे दफन झाले, त्या मिरजेत या धास्तीवर एक निराळाच तोडगा पूर्वापार घडत आला आहे, आणि तो लाकडाचा व भोपळ्याचा आहे.

शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातांना, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर, तंतुवाद्यांचे काम मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्यातील फरीदसाहेबांनी आरंभिलेला हा व्यवसाय सतारमेकर गल्लीत अद्याप चालतो. २०२४ साली येथील सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे, तुणीचे लाकूड, कोरीव पाने-फुले यांचे वर्णन पुष्कळ झाले आहे. मला पाहावयाची होती ती जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून झंकार खुलविण्याची करामत.

ती दाखविणारा कारागीर वृद्ध होता. मांडीशी तानपुरा आडवा घेऊन त्याने खर्जाची तार सैल केली, बाजूस सारली, आणि घोडीच्या माथ्यावर कानस अशी फिरविली की ती फिरली की नाही याचीच शंका यावी. घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो. वस्तुतः त्याला किंचित उतार व गोलाई असते, आणि कंप पावणारी तार त्या उतारास घासत सुटते म्हणूनच एका स्वरातून अनेक स्वर झंकारतात. कानस जरा अधिक लागली तर आवाज पत्र्यासारखा कर्कश होतो, कमी लागली तर मुका राहतो. किती लागावी याचे माप नाही. तार पुन्हा चढवायची, छेडायची, ऐकायचे. मग तीच पुन्हा उतरवायची. या सगळ्या वेळात त्याच्या चेहऱ्यावर उतावळेपणा किंवा चिंता यांचा मागमूस नव्हता, आणि मला वाटते, चुकीची भीती न बाळगता चुकीच्या इतक्या जवळ बसून काम करण्याची ही सवयच या पेशाची खरी मिळकत असावी.

तानपुरा एका तरुण गायिकेचा होता. आजवर तिने यंत्राच्या तंबोऱ्यावर रियाज केला होता. स्वर हवा तेव्हा, हवा तेवढा, न बिघडता मिळण्याची तिला सवय होती. पट्टी काळी चार. चौथ्या, म्हणजे खर्जाच्या, तारेखाली घोडीवर अडकविलेले सूत कारागिराने नखाने केसभर पुढे सरकविले, आणि खर्जातून, कोणत्याही तारेवर न लावलेला गांधार आपण होऊन उमटला, तेव्हा ती एकदम म्हणाली, “चाचा, सूत आहे तिथं पेन्सिलीनं खूण करून द्या ना.”

“करतो की, ताई,” तो म्हणाला, “पण उद्या हवा बदलली म्हणजे खूण खोटी पडेल, आणि तुम्ही कानाऐवजी तिच्यावर भरवसा टाकून बसाल.”

एवढे बोलून त्याने चारही तारा सरळ उतरवून टाकल्या व तानपुरा तिच्या हाती दिला. मुलगी गोंधळली. पंचम चढला, जोड मात्र बराच वेळ जुळेना. शेजारच्या कारखान्यातील रंध्याच्या आवाजाने ती दोनदा थबकली. कारागीर दुसऱ्या सतारीच्या खुंट्या तपासत बसला होता व मदतीस येण्याचा त्याचा मुळीच इरादा दिसत नव्हता. खर्ज लागल्यावर सूत मागेपुढे करता करता तिला गांधार सापडला, पुन्हा हरवला, मग अंमळ निराळ्या जागी सापडला. तेथून तिने षड्ज लावला आणि यमनाचे दोन-तीन आलाप घेतले. एक तर निषादावर अशा ठिकाणी जाऊन ठेपला की, पुढे कोठे जावे हे तिलाही कळले नसावे. पण ती तेथून सावकाश उतरली, घाईने नव्हे.

खुणेचा विषय तिने पुन्हा काढला नाही. सुताचे चार जादा तुकडे मात्र मागून घेतले, आणि त्यांचे पैसे कारागिराने लावले नाहीत.