कचेरींतील नवा मदतनीस आणि त्याच्या हातच्या किल्ल्या

कोणत्याही सुव्यवस्थित कचेरींत नवा कारकून रुजू झाला म्हणजे पहिल्याच दिवशीं सर्व कपाटांच्या किल्ल्या त्याच्या हातीं कोणी देत नाहीं. आवक-जावक टपालाचें काम त्याच्याकडे आलें, तर त्या टेबलापुरतें कपाट त्याच्यासाठीं उघडतें; पगारपत्रकें, चौकशीचे कागद आणि वरिष्ठांचा खासगी पत्रव्यवहार निराळ्या कुलुपांत राहतो. यांत त्या कारकुनाच्या सचोटीविषयीं संशय नसतो. ज्याचें जेवढें काम, तेवढीच त्याला मोकळीक, हा कचेरीचा जुना आणि अनुभवानें पटलेला नियम आहे. गेल्या कांहीं वर्षांत जगांतील असंख्य कचेऱ्यांत असा एक मदतनीस येऊन बसला आहे कीं, त्याच्या बाबतींत हा नियम पुष्कळदां विसरला जातो. लेखनाच्या, हिशेबाच्या, टपालाच्या आणि सभेच्या अ‍ॅपमध्यें बसविलेली कृत्रिम बुद्धिमत्ता हाच तो मदतनीस होय.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १६ मार्च २०२३ रोजीं ‘कोपायलट’ या नांवाचा आपला मदतनीस जाहीर केला, आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून तो मोठ्या संस्थांना दर माणशीं दरमहा ३० डॉलर या दरानें मिळूं लागला. येथवर गोष्ट सरळ होती. ज्याला तो हवा त्यानें पैसे भरावे आणि नेमणूक करावी. परंतु जानेवारी २०२५ मध्यें गूगलनें आपला ‘जेमिनाय’ व्यवसायासाठींच्या वर्गणींतच समाविष्ट करून वर्गणी वाढविली, व त्याच महिन्यांत मायक्रोसॉफ्टनें अमेरिकेंतील घरगुती वर्गणीदारांच्या बाबतींत तोच मार्ग धरिला. ऑस्ट्रेलियांत हा बदल त्यापूर्वींच झाला होता. तेथील ग्राहकहिताचें रक्षण करणाऱ्या आयोगानें ऑक्टोबर २०२५ मध्यें या प्रकरणीं न्यायालयांत दावा दाखल केला. मदतनिसावांचून जुन्याच दरांत वर्गणी चालू ठेवण्याचा पर्याय असतांही तो सुमारें २७ लाख ग्राहकांना स्पष्टपणें सांगितला गेला नाहीं, असा आयोगाचा आरोप होता. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. हा मदतनीस नेहमींच अर्ज करून येत नाहीं. कित्येकदां तो सामानाबरोबरच येतो, आणि त्याला कोठें बसवावें याचा विचार होण्यापूर्वींच खुर्चीवर बसलेला आढळतो.

त्याचें काम कसें चालतें हें कळल्यावांचून त्याला आवर कसा घालावा हें कळणार नाहीं. ज्या विशाल यंत्रणेकडून मजकूर तयार होतो, तिला एखाद्या कचेरीच्या कपाटांत काय आहे हें मुळांत ठाऊक नसतें. कर्मचाऱ्यानें प्रश्न विचारला म्हणजे मदतनीस प्रथम त्या कचेरीचीं पत्रें, फाइली व सभांचीं टिपणें धुंडाळतो. त्यांतून उपयुक्त वाटलेले भाग तो प्रश्नाला जोडतो, आणि तो सर्व मजकूर त्या यंत्रणेपुढें ठेवून उत्तर तयार करवितो. विचारणाऱ्याला जें पाहण्याची मुभा आहे तेवढेंच मदतनीस पाहतो, अशी व्यवस्था कंपन्यांनीं केलेली आहे. हें ऐकून कचेरीचा चालक निर्धास्त होतो.

परंतु मेख येथेंच आहे. कागदोपत्रीं असलेली मुभा आणि खरी गरज यांचा मेळ बहुतेक कचेऱ्यांत नसतो. एखादी फाइल घाईघाईनें ‘सर्वांसाठीं खुली’ अशी ठेविली जाते व तशीच राहून जाते. समजा, एका स्त्री कर्मचाऱ्यानें वरिष्ठाविरुद्ध केलेल्या तक्रारीचा कागद अशा खुल्या फोल्डरांत पडला आहे. आजवर त्याचें रक्षण कुलुपानें केलें नव्हतें. तो कोठें आहे हें कोणास ठाऊक नव्हतें, एवढ्यावरच तो सुरक्षित होता. नव्या मदतनिसाला मात्र सर्व कोनेकोपरे क्षणांत शोधतां येतात. त्या विभागासंबंधीं कोणी साधा प्रश्न विचारला, तरी उत्तराच्या ओघांत ती तक्रार पुढें येऊं शकते. मदतनिसानें कोणताही नियम मोडलेला नसतो. पण विश्वासानें तक्रार करणाऱ्या त्या स्त्रीची अब्रू चव्हाट्यावर येते. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, अशी ती स्थिति होय.

म्हणूनच मदतनीस असावा कीं नसावा, एवढाच प्रश्न करून भागत नाहीं. तो कोणत्या अ‍ॅपमध्यें असावा, हा खरा प्रश्न आहे. वर्डमध्यें तो पत्राचा मसुदा करतो, आणि मसुदा चुकला तर सही करणारा तो वाचून सुधारूं शकतो. एक्सेलमध्यें तो आंकड्यांना हात घालतो. तेथील चूक दिसण्यांत सुबक असते आणि म्हणून अधिक फसवी असते. टीम्समध्यें तो सभेंतील संभाषण ऐकून त्याचें टिपण करतो, आणि तेथें प्रत्येक बोलणाऱ्याच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो. टपालाच्या अ‍ॅपमध्यें तर तो बाहेरच्या कोणा अपरिचितानें पाठविलेलीं पत्रेंही वाचतो. जून २०२५ मध्यें संशोधकांनीं ‘इकोलीक’ या नांवानें कोपायलटमधील एक दोष उघड केला. मदतनिसाला उद्देशून लिहिलेली छुपी आज्ञा एखाद्या पत्रांत असली, तर पत्र घेणाऱ्यानें कांहींही न करतां कचेरींतील माहिती बाहेर जाऊं शकेल, असा तो दोष होता. मायक्रोसॉफ्टनें तो दुरुस्त केला. तथापि परक्याचें पत्र वाचणारा नोकर परक्याची आज्ञाही पाळूं शकतो, हा धडा राहिलाच.

नियंत्रणाचीं साधनें अनेक पायऱ्यांचीं आहेत. पहिली पायरी परवान्याची. कोपायलटचा परवाना व्यक्तिशः दिला जातो, म्हणून हिशेबनिसाला तो देऊन चौकशी अधिकाऱ्याला न देणें शक्य असतें. दुसरी पायरी त्या परवान्याच्या पोटांत असते. तेथें सेवांची यादी असून प्रत्येकीपुढें खूण करण्याची सोय असते. त्यामुळें टीम्समधील मदतनीस बंद ठेवून इतरत्र तो चालू ठेवतां येतो. मात्र वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट यांसारखीं नित्याचीं अ‍ॅपें या यादींत एकाच गाठोड्यांत बांधलेलीं आहेत. तीं एकमेकांपासून सोडवूं पाहणाऱ्या व्यवस्थापकाला ही खूण पुरत नाहीं. गूगलच्या व्यवस्थेंत जेमिनाय विभागवार चालू किंवा बंद करतां येतो. घरगुती वर्गणींत वर्डसारख्या अ‍ॅपच्या पर्यायांत एक चौकट असते, व तिच्यांतील खूण काढली कीं त्या अ‍ॅपपुरता मदतनीस थांबतो. पण ती खूण प्रत्येक अ‍ॅपमध्यें आणि प्रत्येक संगणकावर निराळी काढावी लागते.

तिसरी पायरी खुद्द कागदाची. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेंत फाइलीला गोपनीयतेची चिठ्ठी लावून ती सांकेतिक रूपांत बंद करतां येते. तिच्यांत वाचण्याचा अधिकार निराळा आणि मजकूर काढून घेण्याचा अधिकार निराळा ठेवतां येतो. दुसरा अधिकार नसल्यास माणसानें ती फाइल वाचली, तरी मदतनीस तिच्यांतील मजकूर उत्तरांत घेऊं शकत नाहीं. येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. पडद्यावरचें बटण लपविणें म्हणजे दार बंद करणें नव्हे. टीम्समधील बटण गेलें, तरी टपालाच्या अ‍ॅपमधून तेंच कपाट उघडत असेल, तर केलेला बंदोबस्त केवळ शोभेचा ठरतो.

कांहीं संस्थांनीं सरसकट बंदीचा मार्ग पत्करला. अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेनें मार्च २०२४ मध्यें आपल्या सेवकवर्गाला कोपायलट वापरण्यास मनाई केली. पण सप्टेंबर २०२५ मध्यें त्याच सभेनें अधिक बंदोबस्तासह त्याचा प्रयोग करण्याचें जाहीर केलें. भारताच्या अर्थमंत्रालयानें २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकान्वयें कचेरीच्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखीं साधनें वापरूं नयेत, असें बजाविलें. सरकारी कागदपत्रांच्या गोपनीयतेस धोका, हें त्याचें कारण होतें. जेथें रहस्य मोठें तेथें अशी मनाई समर्थनीय आहे. परंतु साप साप म्हणून भुई धोपटल्यानें साप मरत नाहीं. ज्याला दिवसाकांठीं पन्नास पत्रें लिहावयाचीं आहेत, त्याला कचेरींतील देखरेखीखालचें साधन नाकारलें, तर तो आपल्या खिशांतील दूरध्वनीवर तोच मजकूर उतरवील असा संभव असतो. आणि मग तो कागद कोठें गेला याची नोंदही राहत नाहीं.

भारतांत २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें माहितीच्या रक्षणांत कसूर करणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. यास्तव हा निर्णय केवळ संगणक विभागावर सोंपवून चालकांना मोकळें होतां येणार नाहीं. प्रत्येक अ‍ॅपविषयीं त्यांनीं तीन प्रश्न विचारावे : येथें मदतनीस कोणाचे कागद पाहील? त्याची चूक प्रथम कोणाच्या नजरेस पडेल? आणि ती वेळीं न दिसल्यास कोणाचें नुकसान होईल? जेथें उत्तरें समाधानकारक असतील तेथें दार उघडावें, थोड्या माणसांपासून आरंभ करावा आणि ठराविक मुदतीनें फेरतपासणी करावी. जेथें नसतील तेथें प्रथम कपाट आवरावें. मदतनीस कितीही हुशार असला तरी तो कोणाच्या अब्रूची जोखीम घेत नाहीं. ती किल्ल्या सांभाळणाऱ्याच्याच शिरावर राहते.