बिनपायाची चिप आणि कल्हईचा धडा

ज्या भंडारा जिल्ह्यातून १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तो पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा भांड्याला कल्हई करताना नवसागर कशासाठी, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. तापल्या धातूवरचा ऑक्साइडचा थर नवसागर काढतो. मगच वितळलेले कथील पसरते.

चिपला डाख देतानाही हेच घडते. आजच्या अनेक चिपना पाय नसतात. तळाशी धातूच्या बारीक पट्ट्या असतात, बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने. सोल्डरिंग आयर्नचे टोक तेथे पोचत नाही. म्हणून आम्ही आधी बोर्डावरच्या पट्ट्यांना डाखाचा पातळ थर देतो, राळेचा फ्लक्स लावतो, चिप ठेवतो आणि वरून गरम हवा सोडतो.

६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. वितळताच त्याचा पृष्ठताण किंचित तिरकी चिप ओढून जागेवर आणतो. चिमट्याने हलकेच ढकलल्यावर ती परत फिरली, की डाख नीट धरला असे समजावे. डाख जास्त झाला, तर मात्र शेजारच्या पट्ट्या जोडल्या जातात.

मग येथेही नवसागरच का वापरू नये? त्याचे क्लोराइड मागे राहते आणि पावसाळी दमट हवेत तांबे गंजवते. आज चालणारे यंत्र त्यामुळे पुढे बंद पडते.

खोली हवेशीर असावी. राळेचा धूर श्वासात घेऊ नये. शिशामुळे काम संपताच हात साबणाने धुवावेत.