शेवट ठरतो, तो वाटेतच!

संगणकावरील कथाप्रधान खेळांत खेळाडूच्या निर्णयांवरून कथेचा शेवट कसा बदलतो? राळेगणसिद्धीच्या उदाहरणातून घेतलेला वेध.

पाणी संपत आले तर वस्तीने काय करायचे, हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याला नवा नाही. १९९७ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या ‘फॉलआउट’ या संगणकीय खेळाची सुरुवातही नेमकी याच प्रश्नाने होते. अणुयुद्धानंतर जमिनीखालच्या आश्रयस्थानात राहणाऱ्या लोकांची पाणी शुद्ध करणारी चिप नादुरुस्त होते आणि नवी चिप शोधून आणण्यासाठी नायकाला १५० दिवसांची मुदत मिळते. शोध घेत तो एका उद्ध्वस्त शहरात पोहोचतो. चिप तेथे असते. पण तेथील रहिवाशांचे पाणीही तिच्यावरच अवलंबून असते. चिप उचलून चालू लागावे, की आधी त्यांचा बंद पडलेला पंप दुरुस्त करून द्यावा? खेळ यांपैकी कोणताही मार्ग अडवत नाही. पंप दुरुस्त केला तर दोन्ही वस्त्यांचे भागते. न केला तर एकीची तहान दुसरीच्या जिवावर भागते.

‘रोल प्लेइंग गेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांचे मर्म या प्रसंगात आहे. येथे खेळाडू एक भूमिका स्वीकारतो आणि त्या भूमिकेतून निर्णय घेतो. आपल्याकडच्या जुन्या पटांशी तुलना केली तर हा फरक चटकन लक्षात येतो. सापशिडीचे पूर्वरूप मानला जाणारा मोक्षपट महाराष्ट्रात परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. त्यात सद्गुणांच्या शिड्या आहेत, दुर्गुणांचे सापही आहेत. मात्र पाऊल कोणत्या घरात पडणार, हे दान ठरवते. कथाप्रधान संगणकीय खेळांत ते बरेचसे खेळाडू ठरवतो. साहजिकच शेवटाची जबाबदारीही त्याच्याकडे येते.

नोंदवही आणि उंबरठा

हे घडते कसे? खेळाच्या आज्ञावलीत एक अदृश्य नोंदवही असते. खेळाडूने एखाद्याला मदत केली, खोटे बोलला किंवा कोणाला वाऱ्यावर सोडले, की तिच्यात एक खूण होते. काही खुणा ‘झाले’ किंवा ‘झाले नाही’ एवढेच सांगतात. काहींची बेरीज होत जाते. उदाहरणार्थ, एखाद्या साथीदाराचा नायकावरील विश्वास. पुढे कथेत ठरावीक ठिकाणी उंबरठे असतात. तेथे पोहोचल्यावर वही उघडून पाहिली जाते आणि बेरीज पुरेशी भरली असेल तरच एखादे दार उघडते.

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा ‘द विचर ३’ (२०१५) हा या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. नायक गेराल्ट आणि त्याने मुलीसारखी वाढवलेली सिरी यांची ही कथा. सिरी अखेरीस जिवंत राहणार की नाही, हे कोणत्याही लढाईवर ठरत नाही. ती खचलेली असताना गेराल्ट तिला ‘सगळेच जमायला हवे असे नाही’ असे सांगून मद्याचा पेला पुढे करतो, की तिच्याबरोबर बर्फाचे गोळे फेकत खेळतो. महत्त्वाच्या बैठकीला तिला एकटीला जाऊ देतो, की स्वतः सोबत जातो. अशा चार-पाच साध्या प्रसंगांवर तिचे भवितव्य अवलंबून असते. बाप लेकीवर विश्वास टाकतो की तिला सतत सांभाळत राहतो, एवढाच प्रश्न खेळ वेगवेगळ्या रूपांत विचारतो. त्या त्या वेळी मात्र हे प्रसंग निर्णायक आहेत, असे खेळाडूला सांगितले जात नाही.

फांद्यांचे गणित

प्रत्येक निर्णयानंतर कथा पूर्णपणे वेगळी का होत नाही, असा प्रश्न नवख्या खेळाडूला पडतो. त्याचे उत्तर गणितात आहे. दोनच पर्याय असलेले १० निर्णय घेतले तर १,०२४ वाटा तयार होतात. २० निर्णयांनंतर हाच आकडा १० लाखांच्या पुढे जातो. एवढ्या कथा लिहिणे, त्यांचे संवाद ध्वनिमुद्रित करणे आणि चित्रे उभी करणे कोणालाही परवडणारे नाही. म्हणूनच कित्येक खेळ एकच ठरलेली कथा सांगतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला ‘राजी’ हा कथाप्रधान साहसी खेळ त्यांपैकीच एक.

ज्यांना शेवट बदलता ठेवायचा असतो, ते लेखक वाटा काही काळ वेगळ्या करून पुन्हा मुख्य प्रवाहात आणतात. पाणलोटात निरनिराळे ओघळ शेवटी एकाच ओढ्याला मिळावेत, तशी ही रचना असते. ओढा एकच, पण त्यात किती आणि कसले पाणी येणार, हे वरच्या ओघळांवर ठरते. ‘फॉलआउट’ने यावर आणखी एक तोडगा काढला. खेळ संपताना निवेदक प्रत्येक वस्तीचे पुढे काय झाले, ते स्वतंत्रपणे सांगतो. एका वस्तीचे भले आणि दुसरीचे वाटोळे एकाच खेळात होऊ शकते. लहान लहान शेवटांच्या जोडणीतून मोठा शेवट तयार होतो. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजच्या ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) या खेळात अशा जोडण्या सुमारे १७ हजार असल्याचे निर्मात्यांनी सांगितले, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

राळेगणचा पट

ही रचना समजून घेण्यासाठी राळेगणसिद्धीचा इतिहास खेळाच्या भाषेत मांडून पाहता येईल. १९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावी परतले, तेव्हा दुष्काळ, कर्जबाजारीपणा आणि दारूच्या भट्ट्या ही गावाची ओळख होती. सुरुवातीलाच हाती घेतले गेले ते यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम. वरवर पाहता त्याचा पाण्याशी काही संबंध नव्हता. परंतु त्या निमित्ताने लोक श्रमदानाला एकत्र आले. गावाच्या नोंदवहीत एक खूण झाली. पुढे गळक्या पाझर तलावाच्या दुरुस्तीची वेळ आली, तेव्हा हीच खूण कामी आली. तलावात पाणी थांबू लागले, तशा खालच्या अंगाच्या विहिरी उन्हाळ्यातही तग धरू लागल्या.

त्यानंतर नालाबांध, चर आणि वृक्षलागवड यांच्या जोडीला कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री आली. यातील कोणतेही सूत्र एकटे पुरेसे नव्हते. झाडे लावली आणि चराईबंदी केली नाही, तर रोपे शेळ्यांच्या पोटात जातात. पाणी अडवले आणि सर्वत्र ऊस लावला, तर अडवलेले पाणी मोजक्या शेतांतच संपते. राळेगणने उसाला नकार दिला आणि कमी पाण्याच्या पिकांवर भर दिला. सत्तरच्या दशकात जेमतेम ७० एकरांच्या आसपास असलेले ओलित पुढे कित्येक पटींनी वाढले. या यशाचे श्रेय कोणत्याही एका दिवसाच्या निर्णयाला देता येत नाही. आधीच्या खुणांच्या बेरजेने पुढची दारे उघडत गेली.

याच कथेला दुसरीही बाजू आहे. दारू न सोडणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिल्याचे हजारे यांनी स्वतःच सांगितले आहे. भट्ट्या बंद झाल्या हे खरे. मार्ग सक्तीचा होता हेही तितकेच खरे, आणि त्यावर टीकाही झाली. ‘फॉलआउट’च्या निर्मात्यांपुढेही असाच पेच आला होता. त्यातील जंकटाउन या वस्तीत कायद्याचा आग्रह धरणारा किलियन आणि जुगाराच्या अड्ड्याचा मालक गिझमो यांच्यापैकी एकाची बाजू घ्यावी लागते. मूळ आराखड्यानुसार किलियनच्या विजयानंतर वस्तीत जाचक शिस्त येणार होती, तर गिझमोच्या हाती ती भरभराटीला येणार होती. प्रत्यक्षात आलेल्या खेळात मात्र हा शेवट बदलून किलियनच्या बाजूने चांगला करण्यात आला. चांगल्या हेतूचा शेवट चांगलाच असावा, ही अपेक्षा इतकी प्रबळ असते.

शेवटच्या दारावरचा प्रश्न

वाटेतल्या निर्णयांना किंमत उरली नाही, तर काय होते, हे मार्च २०१२ मध्ये आलेल्या ‘मास इफेक्ट ३’ने दाखवून दिले. बायोवेअरच्या या मालिकेत पहिल्या भागातील निर्णय तिसऱ्या भागापर्यंत सोबत येत होते. खेळाडूंनी पाच वर्षे जपलेली ही नोंदवही अखेरच्या प्रसंगात जवळपास बाजूला पडली आणि समोर तीन पर्याय ठेवण्यात आले. त्यांची दृश्ये बहुतांशी रंगापुरती वेगळी असल्याची तक्रार झाली. संतप्त चाहत्यांनी मोहीम उघडल्यावर कंपनीला त्याच वर्षी जूनमध्ये शेवटाची विस्तारित आवृत्ती विनामूल्य द्यावी लागली. शेवट दुःखद असणे हा चाहत्यांच्या तक्रारीचा मुख्य मुद्दा नव्हता. आपण जे केले त्याची दखल घेतली गेली नाही, हे त्यांना खुपले होते.

मागे फिरण्याची सोय

खेळात एक सवलत असते. निर्णय चुकला तर जतन केलेल्या जागेवरून पुन्हा सुरुवात करता येते. टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ने (२०१५) या सवलतीलाच हात घातला. तेथे सर्वांना ठार करून एकदा खेळ संपवला, की नंतर कोणालाही न मारता मिळवलेल्या सुखान्तावरही त्या हत्यांची सावली पडते. कोलकात्याच्या कलाकार लीना केजरीवाल यांच्या पुढाकाराने २०१६ साली आलेल्या ‘मिसिंग’ या खेळात मानवी तस्करीत सापडलेल्या मुलीच्या भूमिकेतून सुटकेचे निर्णय घ्यावे लागतात. उपलब्ध पर्याय किती तोकडे आहेत याची जाणीव करून देणे, हाच त्या खेळाचा गाभा आहे.

गावाला जतन केलेली जागा नसते. शिवाय खेळात एक माणूस सर्वांचे भवितव्य ठरवतो, तर गावात प्रत्येक निर्णयाला अनेकांची संमती लागते आणि त्याची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही. चराईबंदीचा भार शेतमालकापेक्षा शेळ्यांवर गुजराण करणाऱ्या कुटुंबावर अधिक पडतो. खेळाच्या वहीत अशा खुणा क्वचितच होतात, आणि ही त्याची मर्यादा मान्य करावीच लागते.

‘फॉलआउट’च्या अखेरीस वस्त्यांचा हालहवाल सांगून झाला, की नायक आपल्या आश्रयस्थानाच्या दाराशी परततो. त्याच्यामुळे आतले तरुणही बाहेर जाऊ पाहतील, या भीतीने प्रमुख त्याला आत घेत नाही. बहुतेक खेळाडूंच्या वाट्याला हेच दृश्य येते. त्यांच्या निर्णयांनी बदललेले असते ते मागे राहिलेल्या वस्त्यांचे जगणे. कुठे पंप चालू असतो, कुठे बंद.