ओढ्याकांठचें संगीत

निसर्ग हा संगीताचा आद्यगुरु होय, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. नारदीय शिक्षेनें सप्तस्वर पशुपक्ष्यांच्या मुखीं घातले आहेत: षड्ज मयूराचा, पंचम वसंतांतील कोकिळाचा, निषाद गजाचा. रघुवंशाच्या पहिल्या सर्गांत दिलीप राजा सुदक्षिणेसह वसिष्ठाश्रमाकडे जात असतां वाटेंत मोरांची षड्जाशीं जुळणारी केका ऐकतो, हेंही संस्कृताच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. परंतु वाटेवर कानीं पडलेल्या नादाचें गीत होतें तें कसें? पक्ष्याची हुबेहूब नक्कल केली म्हणजे संगीत झालें काय? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका जर्मन संगीतकाराच्या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसलें, तितकें अन्यत्र क्वचितच दिसलें असेल.

लुडविग फान बेथोव्हेन हा १७७० सालीं बॉन येथें जन्मला आणि १७९२ पासून व्हिएन्ना शहरीं राहिला. उन्हाळा आला कीं आसपासच्या खेड्यांत बिऱ्हाड करावें, रानांतून दूरवर पायीं फिरावें आणि सुचलेले स्वर खिशांतील कागदांवर टिपून घ्यावे, असा त्याचा क्रम असे. १८०३ च्या सुमाराच्या त्याच्या एका वहींत ओढ्याच्या खळखळाटाचे स्वर लिहिलेले असून, ओढा जितका मोठा तितका त्याचा नाद खोल, अशा आशयाची टीप जोडलेली आहे.

आणि हें सूक्ष्म श्रवण कोणाचें? ज्याचे कान तिशी गांठण्यापूर्वींच दगा देऊं लागले होते, त्याचें! १८०२ सालीं वैद्याच्या सल्ल्यावरून, कानांस विश्रांति मिळावी म्हणून, तो हायलिगेनश्टाट या गांवीं राहिला. हें गांव त्या काळीं व्हिएन्नाबाहेरचें लहानसें खेडें होतें. तेथें ६ ऑक्टोबर रोजीं त्यानें आपल्या भावांस उद्देशून एक पत्र लिहिलें. शेजारच्या मनुष्यास दूरचा पांवा ऐकूं यावा, धनगराचें गाणें ऐकूं यावें, आणि आपणांस मात्र कांहींच ऐकूं येऊं नये, हें दुःख त्यानें त्यांत उघड केलें आहे. जीव देण्यापर्यंत मजल गेली होती; कलेनें तेवढा हात धरला, असेंही तो लिहितो. तें पत्र त्यानें कधींच धाडलें नाहीं. १८२७ सालीं तो वारल्यावर त्याच्या कागदपत्रांत तें सांपडलें.

या पत्रानंतर सहा वर्षांनीं, २२ डिसेंबर १८०८ रोजीं, व्हिएन्नाच्या 'थिएटर आन डेर वीन' या नाट्यगृहांत कडाक्याच्या थंडींत सुमारें चार तासांचा जलसा झाला. त्यांत त्याची सहावी सिंफनी प्रथम वाजली. सिंफनी म्हणजे अनेक वाद्यांच्या मोठ्या मेळानें वाजवावयाची दीर्घ रचना. या सिंफनीस 'पास्टोरल', म्हणजे ग्रामजीवनाची, असें नांव आहे. तिचे भाग पांच: खेड्यांत पाऊल टाकतांच उल्हसित झालेलें मन, ओढ्याकांठचा देखावा, गांवकऱ्यांचा मेळावा, वादळ, आणि वादळ निवळल्यावरचें धनगराचें कृतज्ञ गीत.

आतां यांतील संयम पाहावा. ओढ्याच्या भागांत तीन पक्षी बोलतात: बांसरीवर नाइटिंगेल, सनईच्या जातीच्या ओबो वाद्यावर लावा, आणि दोन क्लॅरिनेटांवर कुक्कू. पण हें बोलणें तो भाग संपतां संपतां कांहीं क्षणांपुरतेंच. त्यापूर्वीं बराच वेळ ओढाच वाहत असतो. नगारा तर फक्त वादळांत वाजतो. इतर चारही भागांत तो मुका ठेवला आहे, म्हणूनच वादळ कोसळतें तेव्हां छाती दडपते. चित्र रंगविण्यापेक्षां भावना व्यक्त करण्याकडेच आपला रोख अधिक आहे, असें बेथोव्हेननें या रचनेसंबंधीं बजावून ठेवलें आहे.

आमच्या मतें सारें मर्म येथेंच आहे. कानीं पडलेला नाद क्षणांत विरतो. तो मनांत लोणच्यासारखा मुरावा लागतो, तेव्हां त्याचें गीत होतें. ज्या धनगराचें गाणें बेथोव्हेनच्या कानांनीं नाकारलें, त्याच धनगराच्या गीतानें त्यानें आपल्या रचनेचा शेवट केला, आणि तोही विलापानें नव्हे, तर कृतज्ञतेनें. साठी उलटलेल्या आम्हांसारख्यांस, ज्यांचे कान दिवसेंदिवस मंद होत आहेत, यांत केवढा धीर आहे!

हल्लीं फिरावयास निघालेलीं मंडळी कानांत यंत्राचीं बोंडें घालूनच निघतात. ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांनींच ते बुजवून घ्यावे, यासारखें नवल नाहीं. वाचकांस आम्ही इतकेंच सुचवितों कीं, मुलांस घेऊन टेकडीवर किंवा नदीकांठीं जावें, दहा मिनिटें कोणीं कांहीं बोलूं नये, आणि घरीं आल्यावर काय काय ऐकलें तें क्रमानें सांगावयास लावावें. दुसऱ्या दिवशीं त्यांतलें जें एखादें मूल आपण होऊन गुणगुणेल, त्याला संगीताची पहिली संथा मिळाली, असें खुशाल समजावें.