निरपराधाची कोठडी आणि दिवाणी दावा

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी गाठोड्यात बांधूनच तापीच्या या खोऱ्यात आणली असावी, इतकी ती इथल्या मराठी घरांत रुळली आहे. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांना ती ऐकविणे योग्यच. परंतु ज्याला पोलिसांनी विनाकारण उचलून नेले, चार दिवस वा चार वर्षे डांबले आणि मग ‘जा घरी’ म्हणून सोडून दिले, त्याला ती कोणत्या तोंडाने ऐकवावी? तो पायरी चढला नव्हता. त्याला चढविण्यात आले होते. अशा माणसाला शासनाकडे भरपाई मागता येते काय, आणि येत असल्यास किती दिवसांत, हा प्रश्न आमच्या खकनारसारख्या तहसिलीच्या गावी अधूनमधून निघतोच. शाळेत दाखल्यासाठी आलेला एखादा पालक दाखला खिशात घालून झाल्यावर हळूच हा विषय काढतो.

या प्रश्नाचा इतिहास एका सराफाच्या सोन्यापासून सुरू होतो. सप्टेंबर १९४७ मध्ये, फाळणीच्या धामधुमीत, अमृतसरच्या एका पेढीचा भागीदार सोने-चांदी विकण्यासाठी मेरठला आला. पोलिसांनी त्याला संशयावरून हटकले, कोतवालीत नेले, माल ताब्यात घेतला आणि रात्रभर कोठडीत ठेवले. दुसऱ्या दिवशी तो सुटला, पुढे चांदीही परत मिळाली. पण शंभर तोळ्यांहून अधिक सोने ज्या हेड कॉन्स्टेबलच्या ताब्यात होते, तो ते घेऊन पाकिस्तानात पसार झाला. पेढीने उत्तर प्रदेश शासनावर दिवाणी दावा लावला. ‘कस्तुरीलाल खटला’ म्हणून तो वकिलांच्या तोंडी आजही आहे. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो साताऱ्याचे सुपुत्र सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या लेखणीतून. पोलिसांचा हलगर्जीपणा न्यायालयाने मान्य केला; परंतु अटक व जप्ती ही शासनाच्या सार्वभौम अधिकारातील कृत्ये असल्याने त्याबद्दल शासन पैशाने जबाबदार नाही, असे ठरविले. गजेंद्रगडकरांना स्वतःलाच ही स्थिती समाधानकारक वाटली नाही, आणि विधिमंडळांनी याविषयी कायदा करण्याचा गंभीरपणे विचार करावा असे त्यांनी निकालातच लिहून ठेवले. त्यानंतर संसदेत विधेयके आली आणि बारगळली. तो कायदा अजून झालेला नाही.

पुढचा टप्पा आपल्या प्रांताच्या नावाने ओळखला जातो. आणीबाणीत जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावे चाललेल्या खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निर्णय दिला, की आणीबाणी असेतोवर स्थानबद्धाला आपली स्थानबद्धता बेकायदा असल्याची दाद न्यायालयात मागता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना उभे राहिले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड होते. हेच चंद्रचूड पुढे सरन्यायाधीश झाले आणि १ ऑगस्ट १९८३ रोजी बिहारच्या रुदुल साह यांच्या अर्जाचा निकाल त्यांनीच लिहिला. हा मनुष्य जून १९६८ मध्ये सत्र न्यायालयातून निर्दोष सुटला होता. तुरुंगाचे दार मात्र त्याच्यासाठी ऑक्टोबर १९८२ मध्ये उघडले. निर्दोष ठरल्यानंतर चौदा वर्षे! न्यायालयाने त्याला आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये देवविले आणि शासनावर व चुकलेल्या अधिकाऱ्यांवर दिवाणी दावा लावण्याची त्याची वाट मोकळी आहे, असे मुद्दाम नमूद केले. रक्कम आज फारच तुटपुंजी वाटते, पण मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल रोख पैसे देण्याचा रस्ता तेथून खुला झाला. १९७६ चा निकाल चूक होता असे ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच जाहीर केले, आणि ते लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती धनंजय यशवंत चंद्रचूड होते. वडिलांची सही असलेला निकाल मुलाने पुसला. मराठी वाचकाने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रुदुल साह यांच्यानंतर उदाहरणे वाढत गेली. जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना १९८५ मध्ये विधानसभेला जाताना वाटेतच अडकवून ठेवल्याबद्दल ५०,००० रुपये मिळाले. मे २०२२ मध्ये आपल्या जबलपूरच्या उच्च न्यायालयाने गोंड समाजातील एका वैद्यकीय विद्यार्थ्याला खुनाच्या आरोपातून निर्दोष सोडले आणि शासनाने त्याला ४२ लाख रुपये द्यावेत असा आदेश केला. डॉक्टर होण्याच्या उंबरठ्यावर आत गेलेला मुलगा जवळजवळ चौदा वर्षांनी बाहेर आला.

हे सारे उच्च वा सर्वोच्च न्यायालयाने आपल्या घटनादत्त अधिकारात दिलेले पैसे. अन्याय उघड आणि कागदावरूनच सिद्ध होणारा असेल तर तो मार्ग बरा. साक्षीपुराव्यानेच खरेखोटे ठरायचे असेल तर बहुधा दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखविले जाते. आणि तेथे आपल्या माणसाची पहिली ठेच लागते ती मुदतीपाशी.

दिवाणी दावे दोन प्रकारचे असतात, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. एक, बेकायदा बंदिवासाबद्दल. यात मला अडकवून ठेवले एवढे वादीने दाखविले, की ते कायदेशीर होते हे सिद्ध करण्याचे ओझे प्रतिवादीवर जाते. दुसरा, द्वेषमूलक खटल्याबद्दल. यात ओझे वादीच्या डोक्यावर : खटल्याला वाजवी कारण नव्हते आणि तो दुष्ट हेतूने भरला, हे त्यानेच दाखवावयाचे, निर्दोष सुटल्याचा निकाल एकटा पुरत नाही. मुदतीच्या कायद्यानुसार दोन्हींना एकच वर्ष आहे. परंतु पहिल्यात ते वर्ष बंदिवास संपल्या दिवसापासून धावू लागते, दुसऱ्यात खटल्यातून सुटल्या दिवसापासून. गरीब मनुष्य जामिनावर सुटतो, ‘आधी केस संपू दे’ म्हणतो, केस सहा वर्षे चालते, आणि तेवढ्यात पहिल्या दाव्याचे वर्ष पाच वेळा उलटून गेलेले असते. शिवाय शासनावर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती शासनाच्या सचिवाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे पोहोचवून पोच घ्यावी. हे दोन महिने मुदतीतून वजा होतात, हाच काय तो दिलासा. पोलीस कायद्यांत काही बाबतींत याहूनही आखूड मुदती आहेत, म्हणून सुटल्याच्या आठवड्यातच वकिलाला कागद दाखविलेले बरे.

आमच्याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील मोहद गावचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. जून २०१७ मधील भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर घोषणा दिल्याच्या आरोपावरून गावातील काही मुसलमान पुरुषांना राजद्रोहाखाली अटक झाली. राजद्रोहाचे कलम पोलिसांनी काही दिवसांतच मागे घेतले, खटला मात्र दुसऱ्या कलमाखाली चालू राहिला. ज्याच्या नावे फिर्याद होती त्याने आपण अशी तक्रार केलीच नाही असे उघडपणे सांगितले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. त्यांपैकी एकाने तोवर आत्महत्या केली होती. २०१७ च्या बंदिवासाचे वर्ष २०१८ मध्येच सरले होते, हा हिशेब मांडून पाहिला की मुदतीचा अर्थ कळतो.

फौजदारी कायद्यातही भरपाईची एक तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, पुरेशा कारणाविना ज्याने कोणाला अटक करविली त्याच्याकडून दंडाधिकारी पीडिताला पैसे देववू शकतो. कमाल मर्यादा १,००० रुपये. खकनारहून बुऱ्हाणपूरला तारखांना जाण्या-येण्याचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे यातून निघावयाचे नाहीत.

अलीकडचा एक निर्णय मात्र महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांच्या कामाचा आहे. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना, त्यांच्या पीठाने मुंबईच्या एका प्रकरणात ठरविले, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे अटक झालेल्याला लेखी दिली पाहिजेत, आणि तीही त्याला समजणाऱ्या भाषेत. तत्काळ शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यापुढे कोठडीसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी. तमिळनाडूत वा कर्नाटकात नोकरीस असलेल्या मराठी मुलाला याचे महत्त्व समजावून सांगावयास नको. आमच्या तहसिलीतील कोरकू मजुराला ते त्याहून अधिक आहे. त्याला हिंदी बाजारापुरती येते, कलमांची हिंदी येत नाही. असा कागद दिला गेला नसेल तर पुढे दाव्यात तीच मोठी जमेची बाजू ठरू शकते. म्हणून जे काही मिळेल ते जपून ठेवावे : अटकेचा पंचनामा, जामिनाचा आदेश, तुरुंगातून सुटल्याचा दाखला, निकालाची प्रमाणित नक्कल, बुडालेल्या मजुरीचा हिशेब.

पैशाअभावी कोणी थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीत असलेल्यांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. न्यायालयाचा खर्चही त्यातच येतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर करावयाचा असतो, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगितलेले तेथेच लिहून घेतले जाते.