दारू सोडणाऱ्यांची बैठक : कोठे असते, कशी चालते



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, खताचे हप्ते असले विषय घेतो. या वेळचा विषय वेगळा असला तरी बांधाबाहेरचा नाही. लागणीच्या नोंदी घेत फिरताना काही प्लॉट असे दिसतात की जमीन भारी, विहिरीला पाणी, जातही चांगली, आणि ऊस मात्र गुडघ्याएवढा. खताचा दुसरा हप्ता पडलेला नसतो, भरणी राहिलेली असते. घरी चौकशी केली तर माउली खाली बघून म्हणते, "साहेब, त्यांचं काही खरं नाही." उसाचे बिल कोठे जाते हे मग विचारावे लागत नाही.

दारूचे असे व्यसन हा आजार आहे. त्याला मद्यपाश म्हणतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ सालीच त्याला आजार मानले. आपल्याकडे माळ घातली की दारू सुटते म्हणतात, आणि कित्येकांची सुटलीही आहे. त्यांना आमचा नमस्कार. पण शपथा घेऊन, माळ घालूनही ज्यांची पुन्हा सुरू झाली, त्यांनी 'आपल्यात दमच नाही' असे समजून बसू नये.

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांशी बोलत बोलत दारूपासून दूर राहू लागले. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना निघाली. सगळे तिला एए म्हणतात. आपल्या राज्यात तिचे समूह आहेत व मराठीतून बैठका चालतात. फी नाही, अर्ज नाही. शेवटी पिशवी फिरते, वाटले तर काही टाकावे. अट एकच, दारू सोडण्याची इच्छा हवी. (आपल्या कारखान्याचे सभासदत्वसुद्धा इतके स्वस्त नाही!)

पत्ता कसा काढायचा? केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा फुकट फोन आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही चौकशी करता येते. पुण्याला येरवड्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तेथेही विचारावे. बैठक बहुधा संध्याकाळी शाळेच्या खोलीत किंवा एखाद्या हॉलमध्ये भरते. वार आणि जागा बदलतात म्हणून निघण्यापूर्वी फोन करावा, आणि बैठक किती वाजता सुटते हेही विचारावे, नाहीतर शेवटची एस.टी. चुकायची. २०२० च्या कोरोनाच्या बंदीपासून मोबाईलवरही बैठका होतात. पण आमच्या मते पहिली तरी समोरासमोर बसून करावी.

बैठक दोन प्रकारची असते. खुल्या बैठकीला बायको, भाऊ, कोणीही सोबत येऊ शकते. बंद बैठक फक्त पिणाऱ्यांसाठी असते. तेथे थोडे वाचन होते, मग एकेक जण आपली हकिगत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करत नाही. नुसते पहिले नाव सांगितले तरी चालते, आणि बोलायचे नसेल तर गप्प बसावे. तेथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही हा त्यांचा पक्का शिरस्ता आहे.

आपले एक सभासद सात वर्षे जात आहेत. नाव अर्थातच देत नाही. ते म्हणाले, "पहिले तीन आठवडे मी मागच्या बाकावर नुसता बसलो. चौथ्या वेळी एकानं बोनस पिऊन टाकल्याचं सांगितलं, आणि मला वाटलं, हा तर माझंच बिल सांगतोय." ते मुद्दाम दुसऱ्या तालुक्याच्या गावी जायचे, ओळखीचे भेटू नये म्हणून. तसे करायला हरकत नाही. मात्र आपण पितो हे गावाला आधीपासून ठाऊक असते, हे विनयाने सांगावेसे वाटते.

एका बैठकीने काम होत नाही. ऊस तोडला तरी बुडखा जिवंत असतो, पाणी मिळाले की फुटतो. येथे पहिला पेला म्हणजे ते पाणी. म्हणून हे लोक जन्मभराची शपथ घेत नाहीत. आजचा दिवस प्यायची नाही, एवढेच ठरवतात. जुन्यांपैकी कोणाचा तरी फोन नंबर घेऊन ठेवावा आणि बिल जमा होण्याच्या दिवशी त्याला आठवणीने फोन करावा.

आता एक गोष्ट काळजीने वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हातपाय थरथरणे, भास होणे, फिट येणे असे होऊ शकते, आणि त्यात जीवही जातो. पहिले दोन-तीन दिवस फार जोखमीचे. म्हणून आधी डॉक्टरला दाखवावे. बैठकीत औषध मिळत नाही. तसेच नकळत जेवणात मिसळायच्या पुड्या घरच्यांनी कदापि वापरू नयेत. त्यावर दारू पोटात गेली तर माणूस दगावू शकतो.

घरच्यांसाठी 'अल-ॲनॉन' नावाच्या वेगळ्या बैठका असतात. नवरा जायला तयार नसला तरी बायकोने जावे. त्यासाठी त्याच्या होकाराची गरज नाही.

हंगामात तोडीची पाळी आणि बैठकीचा वार एकाच दिवशी आला तर गट ऑफिसात दोन दिवस आधी सांगा. पाळी पुढेमागे करून देऊ. कारण विचारणार नाही.

— ऊस विकास अधिकारी